"खा गं, आत्ताच तर पुसलीय!": स्पिन मॉप, फ्लॅट मॉप आणि साधं फडकं, पडलेल्या पोळीच्या कसोटीवर

हातातून पोळीचा तुकडा निसटतो, लादीवर पडतो आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "खा गं, आत्ताच तर पुसलीय!" लादी पुसण्याच्या साधनांना लावायला याहून चोख कसोटी नाही. चकाकी, सुगंध, दांड्याची लांबी हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. पुसलेल्या लादीवर पडलेला घास तोंडात घालावा का, हे कुठल्याच खोक्यावर नसतं. म्हणून ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशी-नेरूळच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळणारी तीन साधनं इथे त्याच कसोटीवर घेतली आहेत: फिरकीच्या बादलीचा स्पिन मॉप, दोन खाचांचा फ्लॅट मॉप आणि सुती फडकं.

निकालातला एक भाग आधीच सांगायला हवा, कारण तो बहुतेकांना उलटा वाटतो. "आत्ताच पुसलीय" हे पडलेलं खाण्याचं कारण नाही, न खाण्याचं कारण आहे. जंतू एका जागेवरून दुसरीकडे जातात ते ओलाव्यावरून. नुकती पुसलेली लादी ओली असते, तिच्यावर बादलीतल्या पाण्याचा पातळ थर असतो, आणि त्या थरात औषधही (फिनाइल किंवा फ्लोअर क्लीनर) असतं. हीच लादी अर्ध्या तासाने खडखडीत सुकली की तिच्यावर पडलेला खाकरा तुलनेने निवांत उचलता येतो. म्हणजे साधन कितीही महागडं असो, त्याला दोनच प्रश्न विचारायचे: लादी किती लवकर सुकते, आणि शेवटचा हात मारला तो कोणत्या पाण्याने?

पाच सेकंदांच्या आत उचललं तर चालतं, हा समज अमेरिकेत फार प्रचलित आहे आणि तिथेच तो तपासलाही गेला. २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जिलियन क्लार्क या शाळकरी विद्यार्थिनीने आधी विद्यापीठातल्या जमिनीच तपासल्या. कोरड्या जमिनींवर जंतू अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. मग तिने फरशीवर मुद्दाम ई. कोलाय हे आतड्यातले जंतू सोडले, तेव्हा ते पाच सेकंदांच्या आतच खाण्यावर चढले. २००४ चं सार्वजनिक आरोग्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, तिला याच कामासाठी मिळालं. पुढे २०१६ मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या डोनाल्ड शॅफनर आणि रॉबिन मिरांडा यांनी स्टील, सिरॅमिक टाइल, लाकूड आणि गालिचा अशा चार पृष्ठांवर कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि चिवट जेली गोळी टाकून २,५६० मोजमापं घेतली. कलिंगडाने सगळ्यात जास्त जंतू उचलले, जेली गोळीने सगळ्यात कमी. वेळ वाढला की जंतू वाढतात हे खरं, पण काही वेळा एका सेकंदाच्या आतही ते चढले होते. गालिच्यावरून मात्र टाइलपेक्षा कमी आले, कारण पडलेला पदार्थ त्याला सगळीकडून टेकत नाही. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी दिसायला स्वच्छ असली तरी पोळी तिला पूर्ण टेकते. ओलावा आणि टेकण हे दोन शब्द लक्षात ठेवले तर खालचं सगळं आपोआप कळत जाईल.

आता साधनं. स्पिन मॉप साधारण हजार ते अठराशे रुपयांत मिळतो. गोल चकतीला मायक्रोफायबरचे झुपके, पाच-सहा लिटरची बादली, आणि वर स्टीलची किंवा प्लास्टिकची जाळीदार टोपली. दांडा खाली दाबला की आतल्या पिळाच्या पट्टीमुळे चकती आणि टोपली गरगर फिरतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. पिळण्यात याला तोड नाही. सहा-सात दाबांत झुपके इतके कोरडे होतात की पंखा चालू असेल तर व्हिट्रिफाइड लादी तीन-चार मिनिटांत सुकते. हाताने पिळलेल्या फडक्याला हे जमत नाही. पहिल्या प्रश्नात याला पैकीच्या पैकी.

दुसऱ्या प्रश्नात मात्र तो साफ आपटतो. टोपलीतून फेकलेलं मळकं पाणी जातं कुठे? परत त्याच बादलीत. पहिली खोली औषधाच्या स्वच्छ पाण्याने पुसली जाते, दुसरी पहिलीच्या मळाने, आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो बादलीत करड्या रंगाचा काढा झालेला असतो. तोच काढा ओट्याखालच्या लादीवर पसरतो, आणि घरात सगळ्यात जास्त खाणं सांडतं ते नेमकं तिथे.

यावर तोडगा फुकटचा आहे. फिरकीची बादली ही फक्त खळबळण्याची बादली समजायची, तिच्यात औषध टाकायचंच नाही. साधं पाणी घ्यायचं, तेही टोपलीच्या तळाला लागणार नाही इतकंच, नाहीतर पिळलेला मॉप पुन्हा भिजतो. औषधाचं पाणी अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीत वेगळं ठेवायचं. मॉप खळबळा, पिळा, लादीवर फवारा मारा, पुसा, पुन्हा खळबळा. दहा बाय दहाच्या खोलीला एक बाटली पुरते. असं केलं की मळ बराचसा एकाच दिशेने प्रवास करतो: लादीवरून बादलीत.

क्रमही बदला. आपल्याकडे सवयीने आतल्या खोलीपासून सुरुवात होते आणि स्वयंपाकघर मधे कुठेतरी येतं. खाणं जिथे पडतं ती जागा ताज्या पाण्याने आणि धुतलेल्या मॉपने आधी पुसायची. मग पाणी बदलायचं, कारण फोडणीचा तेलकटपणा त्यात उतरलेला असतो. त्यानंतर बेडरूम, हॉल, आणि सगळ्यात शेवटी बाथरूमसमोरची पट्टी आणि मुख्य दरवाज्याच्या आतली दोन हात जागा. चपला बाहेर काढण्याची आपली पद्धत उत्तम, पण कोनाड्यातला चपलांचा रॅक दाराच्या आत असेल तर त्या दोन हातांवर पडलेलं काहीही, अगदी बिस्किटसुद्धा, सोडून द्यावं. रिक्षा स्टँड, बाजार आणि लिफ्ट सगळं तिथे उतरलेलं असतं.

स्पिन मॉपच्या यंत्रात तीन गोष्टी बिघडतात. पहिली दांड्याची पिळाची पट्टी. उभा दांडा पाण्यात बुडवून ठेवला किंवा ओला आडवा ठेवला की पाणी नळीत जातं, आतला लोखंडी भाग गंजतो आणि दाबल्यावर नुसता "खड्" आवाज येतो, टोपली हलत नाही. दुसरी दांड्याचा लॉक. पुसताना दांडा आपोआप आखडायला लागला तर तो सैल झालाय. घट्ट फिरवूनही राहत नसेल तर आतली प्लास्टिकची कडी झिजली आहे, आणि ती सुटी मिळत नाही, अख्खा दांडा घ्यावा लागतो. तिसरी टोपलीखालची खुंटी. प्लास्टिकच्या टोपलीत ती वर्षभरात झिजायला लागते आणि टोपली डगमगत बादलीच्या कडेला घासते. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी स्टीलची टोपली घ्यावी ती यासाठी. चाकं असलेल्या बादलीचं आकर्षण सोडा. आपल्या घरांत बाथरूमचा उंबरठा असतो, तिथे ती अडते आणि हिसका दिला की अर्धी बादली पॅसेजमध्ये. त्यापेक्षा तळाला पाणी सोडायचं बूच आहे का ते बघा. बुचाचा रबर दाबून मऊ लागला पाहिजे.

फ्लॅट मॉप दिसायला हुशार वाटतो. आयताकृती पाटी, वेल्क्रोने चिकटणारं कापड, उंच चौकोनी बादली आणि तिला दोन खाचा: एकीत धुवायचं, दुसरीत वर-खाली करून पिळायचं. सोफ्याखाली, पलंगाखाली, फ्रीजच्या मागे हा सरपटत जातो, जिथे स्पिन मॉपची चकती अडते. पण घेताना एक तपासणी दुकानातच करा. दोन खाचा म्हणजे दोन पाणी असं नाही. बऱ्याच स्वस्त बादल्यांत दोन्ही खाचा आतून एकाच टाकीत उघडतात. दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागा आणि एका खाचेत ओता. दुसऱ्या खाचेत पातळी वर आली तर ती टाकी एकच आहे, आणि मग हा स्पिन मॉपचाच धाकटा भाऊ, वर कमी पिळणारा. पातळी वेगळी राहिली, म्हणजे स्वच्छ आणि मळकं पाणी खरोखर वेगळं असलं, तरच जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ.

याची दुसरी मर्यादा लादीची आहे. नवीन टॉवरमधल्या आरशासारख्या व्हिट्रिफाइड लादीवर हा झकास चालतो. ती लादी जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, मळ वरच राहतो. ड्राय बाल्कनीत आणि काही स्वयंपाकघरांत पाय घसरू नये म्हणून खरबरीत टाइल असते, तिथे सपाट पाटी उंचवट्यांवरून नुसती फिरते, खळग्यातलं तेल तसंच राहतं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींतल्या मोझॅकवर आणि लाद्यांच्या सांध्यांवरही हीच अडचण. सांधे सिमेंटचे, सच्छिद्र, ओलावा धरून ठेवणारे. तिथे आठवड्यातून एकदा कडक ब्रश आणि भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी याला पर्याय नाही. "लादीचं ॲसिड" मात्र वापरू नका. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुन्याचेच दगड, ॲसिडने ते खडबडीत होतात आणि मग मळ आणखी धरतात. सांध्यातलं सिमेंटही झडतं.

आणि साधं फडकं. जुना टॉवेल किंवा पंचाचा तुकडा, खर्च शून्य. बादलीत बुचकळून पुसलं तर तिन्हींत सगळ्यात वाईट, कारण हाताने कितीही पिळलं तरी त्यात पाणी राहतं. वाहत्या नळाखाली धुऊन पुसलं तर मात्र तिन्हींत सगळ्यात चांगलं, कारण मळकं पाणी थेट मोरीत जातं, परत येतच नाही. शिवाय सुती कापड उकळता येतं, उन्हात वाळवता येतं. किंमत मोजतात ते गुडघे. म्हणून आमचं मत असं की अख्ख्या घराला फडकं नको, पण ओट्याखालच्या चार लाद्यांसाठी नळाखाली धुतलेलं वेगळं फडकं ठेवावं. घरकामाच्या मावशी एका इमारतीत चार-पाच घरं करतात, प्रत्येक घराला वीस मिनिटं. तीनदा पाणी बदला असं त्यांना सांगणं सोपं, होणं अवघड. "मावशी, स्वयंपाकघर झालं की पाणी टाकून द्या" एवढं एकच सांगितलं तर ते होतं.

औषधाबद्दल थोडं, कारण साधनाइतकाच गोंधळ इथे आहे. बाजारातल्या रंगीत सुगंधी फ्लोअर क्लीनरांपैकी बऱ्याच जणांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते साबणाशी जमत नाही. कपड्यांची पावडर आणि हे एकत्र बादलीत टाकलं की दोघं एकमेकांना निकामी करतात. "जास्त स्वच्छ व्हावं म्हणून थोडी पावडरपण" हा प्रकार म्हणून वाया जातो. फिनाइलच्या बाटलीवर आयएस १०६१ हा मानक क्रमांक आणि आरडब्ल्यूसीचा आकडा शोधा. रिडील-वॉकर चाचणीत टायफॉइडच्या जंतूंवर ते औषध शुद्ध फिनॉलच्या किती पट प्रभावी आहे, ते हा आकडा सांगतो. दारावर सुटं विकायला येणाऱ्या पांढऱ्या पाण्यावर असा आकडा नसतो, वास मात्र भरपूर असतो. वास म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. घरात मांजर असेल तर फिनॉलवर्गातलं काळं फिनाइल टाळा, मांजर पंजे चाटतं.

मात्रा लेबलवर "झाकणभर" लिहिलेली असते आणि झाकणं लहान-मोठी असतात. खोकल्याच्या औषधाच्या मापाने एकदा मोजून बाटलीवर मार्करने मिलीमध्ये लिहून ठेवा. दुप्पट टाकल्याने जंतू दुप्पट मरत नाहीत. लादीवर चिकट थर राहतो, पावलांचे ठसे उमटतात आणि घोडबंदर रोडच्या बाजूच्या घरांत बांधकामांची धूळ दुपारपर्यंत त्यावर बसते. दुसरं म्हणजे औषधाला वेळ लागतो. लेबलवर पाच किंवा दहा मिनिटं लिहिलेली असतात, तेवढा वेळ लादी ओली राहिली पाहिजे. पंखा चालू, मॉप घट्ट पिळलेला आणि लादी तीन मिनिटांत कोरडी, अशा पुसण्यात मळ निघतो, जंतू मरतात असं नाही. रोजच्यासाठी मळ निघणं पुरेसं आहे. कच्च्या चिकनचं पाणी किंवा बोंबील-कोलंबीच्या पिशवीतून ठिपकलेलं पाणी सांडलं असेल तेव्हा मात्र आधी कागदाने टिपा, साबणाने पुसा, साध्या पाण्याने साबण काढा, आणि मग त्या हातभर जागेवर औषध लेबलवर लिहिलेल्या वेळेइतकं ओलं राहू द्या, पंखा बंद ठेवून. २००७ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या पॉल डॉसन यांच्या प्रयोगांत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोरड्या पृष्ठांवर चार आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला होता, तेव्हा "काल सांडलं होतं" ही सबब चालत नाही.

उलटी झालेली जागा असेल तर ब्लीच: पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला २० मिली. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकाच बादलीत कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

पुसणं कसं झालंय ते बघायची चाचणी सोपी आहे. लादी सुकल्यावर पांढरा टिश्यू ओला करून ओट्याखालच्या लादीवर हातभर घासा. करडा झाला तर पाणी बदललं नव्हतं. पिवळट आणि निसरडा लागला तर तेल राहिलंय किंवा औषध जास्त झालंय. पांढरा राहिला तर मळ निघालाय, याहून जास्त काही टिश्यू सांगत नाही.

आता पोळीकडे. लादी वरच्या पद्धतीने पुसलेली, सुकून अर्धा तास झालेला, घरात चपला येत नाहीत, कुत्रं-मांजर नाही, असं धरून. चकली, शंकरपाळी, खाकरा, शेंगदाणा: निरोगी मोठ्या माणसाने उचलून खाल्लं तर धोका कमी. कोरडी पोळी: दोन्ही बाजूंनी तापलेल्या तव्यावर अर्धा-अर्धा मिनिट. वरचे बरेच जंतू मरतात, केस आणि धूळ मरत नाही, ती आधी बघून घ्या. तूप लावलेली बाजू खाली पडली असेल तर नको. कलिंगड, आंब्याची फोड, पनीर, वरणभात, दही लागलेलं काहीही: सरळ ओल्या कचऱ्यात. सालासकट आंबा किंवा केळं धुऊन बिनघोर खा, त्याला प्रकृतीनेच वेष्टण दिलंय. तळलेलं ओलसर भजं पोळीच्या यादीत बसत नाही, ते तव्यावर टाकलं तरी. स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष एकदा तयार झालं की उष्णतेनेही जात नाही, आणि दुपारभर पडून राहिलेल्या भज्यात ते तयार व्हायला वेळ मिळालेला असतो. फुंकर मारणं हा उपाय नाही. धूळ थोडी उडते, तोंडातले जंतू वर पडतात.

पाच वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई, सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा, केमोथेरपी चालू असलेलं माणूस: जमिनीवर पडलेलं काहीच यांच्या ताटात परत जाऊ नये, चकलीसुद्धा. अन्न हे पूर्णब्रह्म खरं, पण ते ताटातलं. आणि लादी ओली असेल तर वरची सगळी यादी रद्द, कारण मग घासाबरोबर औषधही पोटात जातं.

घ्यायचं काय? एक-दोन बेडरूमचं घर, गुळगुळीत लादी, घरची माणसं स्वतः पुसणारी: स्टीलच्या टोपलीचा स्पिन मॉप आणि एक स्प्रे बाटली. खाली अडकणारं फर्निचर जास्त असेल तर खरोखर वेगळ्या टाकीचा फ्लॅट मॉप, आणि वेगळी टाकी मिळत नसेल तर तो घेऊ नका. ओट्याखाली फडकं, दोन्ही बाबतींत.

मायक्रोफायबरचं कापड टिकवायचं तर फॅब्रिक कंडिशनर नको. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि कापड पाणी ओढायचंच थांबतं, नुसतं ढकलतं. ब्लीचही नको. पावसाळ्यात खरा शत्रू ओल आहे. जून ते सप्टेंबर बाथरूमच्या कोपऱ्यात उभा ठेवलेला मॉप दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो, आणि तो वास म्हणजे रात्रभर वाढलेले जंतू, जे सकाळी आपण अख्ख्या घरभर नेमाने पसरवतो. चकती काढून ड्राय बाल्कनीच्या ग्रिलला उलटी अडकवा, झुपके मोकळे करून. दोन चकत्या आळीपाळीने वापरल्या तर एक नेहमी पूर्ण सुकलेली मिळते. झुपके चपटे पडले, टोकं चिकटली किंवा धुऊनही वास राहिला की बदला. रोजच्या वापरात तीन-चार महिन्यांत ही वेळ येते. रिफिलमध्ये गोल आणि तिकोनी खाच असे दोन वेगळे प्रकार असतात, दिसायला सारखे आणि एकमेकांत न बसणारे. जांभळी नाक्यावर जाताना जुनी चकती पिशवीत घालून न्या. धुऊन, अर्थात.